विसरलेल्या वस्तूंची फळी

२२ सप्टेंबर १८८१

आज ही वही काढली. रस्त्याच्या कचेरीने दोन पाठवल्या होत्या. एक हवामानाच्या नोंदीला आणि ती भरली तर दुसरी. माझा नवरा देफेन्देन्ते होता तेव्हा दुसरी कधी लागलीच नाही. "धुकं. बर्फ. ऊन." यापुढे त्याचा हात जात नसे. बोलायचं ते सगळं तो संध्याकाळी माझ्याशी बोलून संपवायचा. मार्चमध्ये तो गेला. आता बोलायचं साठत जातं आणि ऐकायला कोंबड्या चार. त्यांनाही कंटाळा आला असावा, परवापासून अंडी देत नाहीत.

रस्त्याचे तपासनीस सिन्योर पेद्रीनी येऊन गेले. म्हणाले, "बाई, हा हिवाळा चौकी तुम्हीच सांभाळा. धुक्यातली घंटा तुम्हाला वाजवता येते. जानेवारीपासून बोगद्यातून आगगाडी धावेल, मग या घाटात येणार कोण?" उपकार केल्याचा आव होता. सोळा वर्षं घंटा मीच वाजवतेय. देफेन्देन्तेचे खांदे दुखायचे. कागदावर नाव मात्र त्याचं होतं, म्हणून गप्प बसले.

२९ सप्टेंबर

टपालगाडी खाली जाताना क्विरिको थांबला. एक दिवस वर, एक दिवस खाली, बावीस वर्षं त्याचं हेच चाललंय. आज काय, तर गाडीत कोणीतरी शिवणाचं अंगुस्तान विसरलं. चांदीचं, कोरं करकरीत.

"प्रवासी बाई होती की पुरुष?" मी विचारलं. नोंदीत लिहावं लागतं.

तो अडखळला. "बाई. म्हणजे, शाल होती अंगावर. नीट पाहिलं नाही."

बावीस वर्षं गाडी हाकतो आणि आत बाई बसलीय की बुवा हे या माणसाला सांगता येत नाही!

नियम असा आहे की वाटेत विसरलेली वस्तू जवळच्या चौकीत एक वर्ष आणि एक दिवस ठेवायची. मालक आला तर त्याला द्यायची, नाही आला तर ती सांभाळणाऱ्याची. देफेन्देन्तेच्या सोळा वर्षांत त्या फळीवर एक छत्री आणि एक डावा बूट, एवढंच जमा झालं. या जूनपासून मात्र जग विसरभोळं झालंय. आधी कंगवा, मग कॉफीचा डबा, आता हे अंगुस्तान. चिठ्ठी बांधून फळीवर ठेवलं. कॉफीचा वास झाकणातून बाहेर येतो आणि माझी कॉफी संपून महिना झाला. पण परक्याची वस्तू ती परक्याची.

९ ऑक्टोबर, रविवार

खांब रोवायचे दिवस आले. बर्फ पडला की रस्ता कुठे संपतो आणि दरी कुठे सुरू होते ते कळत नाही, म्हणून आत्ताच दरीच्या कडेने दोन पुरुष उंचीचे खांब उभे करायचे. एकटीने कसे होणार या काळजीत होते, तर सुट्टीचा दिवस असून क्विरिको खालून, आयरोलोहून चालत आला. दोन तासांची चढण.

"चर्च बुडवलं वाटतं?" मी म्हटलं.

"सकाळी सहालाच जाऊन आलो. देवाला सांगून आलोय, दुपारी कामात असेन."

चाळीस खांब झाले. तो धरायचा, मी घण घालायचे. एकदाही म्हणाला नाही की द्या इकडे, बाईमाणसाचं काम नाही. विसाव्या खांबाशी थांबून म्हणाला, "देफेन्देन्ते किती सरळ रोवायचा, नाही?" मी नाक पुसलं. त्यानेही पुसलं. वारा होता.

नंतर सूप आणि मक्याच्या पिठाचा पोलेंता जेवला. तीनदा वाढून घेतलं. बिनबायकोच्या माणसाचं असंच असतं, एका सुपासाठी दोन तास डोंगर चढेल. मला वाईटही वाटतं त्याचं.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. देफेन्देन्तेच्या थडग्यावर जायला आयरोलोला उतरले. थडग्यावर आधीच देवदाराच्या फांद्यांचं कडं होतं, ताजं, दोऱ्याने नीट बांधलेलं. नणंदेला म्हटलं, बरं केलंस. आञ्जेलिका म्हणाली, "मी कुठे? मी तर आत्ता तुझ्याबरोबर येतेय." मग पाद्रीबाबांनी ठेवलं असेल. दोऱ्याला टपालाच्या गोणीची गाठ होती, म्हणजे टपालकचेरीतून दोरा मागून आणला असणार. भला माणूस.

जेवताना तिला फळीची गंमत सांगितली. ती चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"ओर्सोला, एवढे विसराळू प्रवासी क्विरिकोच्याच गाडीत कसे गं बसतात?"

"वळणं वेगात घेतो तो. माणसं घाबरतात, घाबरली की विसरतात."

"तो? अगं, त्याच्या गाडीत म्हातारी झोपली तर टोपी हलत नाही तिची! ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस आहे तो, दुसरं काही नाही."

क्विरिकोने माझ्याकडून कधी ताक नेलं नाही, दूधही नाही. आञ्जेलिकाला लोकांवर संशय घ्यायची खोडच आहे. भावावरही घ्यायची.

१४ नोव्हेंबर

गाड्यांची चाकं काढली, बर्फगाड्या सुरू झाल्या. आज पहिलं मोठं धुकं पडलं. दारातून पायरी दिसेना. टपाल वरून खाली यायचं होतं, दीड तास घंटा ओढली.

देफेन्देन्तेने लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मला हे शिकवलं, पोलेंता ढवळायला शिकवावं तसं. खालून माणूस वर निघाला असेल तर आपण वाजवायची. पाठीशी आवाज असला की पाय सरळ पडतात. वर खिंडीतल्या धर्मशाळेत फेलीचे म्हातारा आपली घंटा ऐकतो, म्हणजे त्याला कळतं की वाटेत कोणीतरी आहे. माणूस निम्म्यावर आला असेल इतका वेळ तो मोजतो आणि मग स्वतःची घंटा सुरू करतो. ती ऐकू आली की आपण त्या क्षणी थांबायचं. वरून माणूस उतरत असला की हेच उलट. एका वेळी एकच घंटा. "दोन आया हाका मारायला लागल्या की पोर मधल्या मध्ये मरतं," देफेन्देन्ते म्हणायचा. त्याच्या बापाच्या काळात दोघांच्या हट्टाने दोन्ही वाजत राहिल्या, आणि चीज वाहणारा एक माणूस उन्हाळ्यात सापडला. मी हा नियम कधी मोडला नाही. मोडणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही.

शेवटी वळणावरून क्विरिकोचं शिंग तीनदा वाजलं. पोचलो, असा त्याचा अर्थ. आत आला, मिशांना बर्फ. म्हणाला, "तुमची घंटा ऐकली की मोरा घोडी आपोआप वळते, ओर्सोलाबाई. मी नुसता बसून असतो."

"म्हणजे शहाणी ती, तुम्ही नाही."

"तेच तर म्हणतोय."

दोराने माझा तळवा सोलला होता, ते त्याने पाहिलं.

१७ नोव्हेंबर

आज प्रवाशाने हातमोजे विसरले. आतून मेंढीची लोकर. प्रवासी लहान हातांचा असावा. घालून पाहिले नाहीत. फळीवर ठेवले आणि हाताला चरबी लावली.

८ डिसेंबर

क्विरिको आज टपालाशिवाय दुसरंच काही घेऊन आल्यासारखा बसला होता. टोपी गुडघ्यावर फिरवत होता.

"वर्षाच्या शेवटच्या दिवशी शेवटची गाडी, ओर्सोलाबाई. नंतर टपाल बोगद्यातून. मला म्हणाले, स्टेशनावर पेट्या उचल."

"मग उचला."

"भाऊ कॅलिफोर्नियात आहे. चाळीस गाई आहेत त्याच्या. ये म्हणतो."

मी चुलीत लाकूड घातलं. ते ओलं होतं, धूर झाला.

"तुम्हाला काय वाटतं?" त्याने विचारलं.

मला काय वाटणार? पन्नाशीचा, धडधाकट माणूस, इथे ना बायको ना पोर. गाईंना कोणीतरी लागतंच. मी म्हटलं, "जावं. इथे तुम्हाला धरून ठेवणारं आहे तरी काय?"

त्याने टोपीच्या आत पाहिलं. म्हणाला, "खरंय." सूप निम्मं टाकून गेला. मीठ जास्त झालं होतं का? मी चाखलं तर बरोबर होतं.

त्यानंतर उगाच दोन तास भांडी घासली. स्वच्छ होती ती आधीच.

३१ डिसेंबर

शेवटची गाडी गेली. मोराच्या कपाळाला कोणीतरी कागदी फुलं बांधली होती, ती ओली होऊन रंग तिच्या नाकावर उतरला होता. हसू यायला हवं होतं.

क्विरिकोने निळी शाल पुढे केली. "प्रवासी विसरला."

गाडीत आज प्रवासी एकही नव्हता, मी स्वतः पाहिलं. कालचा असेल. मी चिठ्ठी लिहायला घेतली तर तो म्हणाला, "राहू द्या ना चिठ्ठी." तसं कसं राहू देणार? मालक आला तर ओळखणार कशी? त्याने मान हलवली आणि हसला, पण डोळ्यांनी नाही.

शिंग खाली कचेरीत जमा करायचं होतं. जाण्याआधी त्याने ते माझ्या दारात तीनदा फुंकलं. पोचलेला माणूस फुंकतो तसं, आणि तो तर निघाला होता.

"ओर्सोलाबाई, काही सांगायचंय?"

"वाट घसरडी आहे. जपून जा."

यापेक्षा वेगळं काय सांगायचं असतं? दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

४ जानेवारी १८८२

हवामानाच्या वहीत "ऊन" लिहिलं. घाटात कोणी नाही. खांब उभे आहेत, चाळीसच्या चाळीस, आणि त्यांच्या मधून जाणारं कुणी नाही. दुपारी भान आलं तेव्हा मी दारात उभी होते, हातात कढत सुपाची वाटी. ही वरच्या गाडीची वेळ. सूप दोन माणसांचं झालं होतं. कोंबड्यांना घातलं.

रस्त्यावरचा बर्फ फोडणारी माणसं सांगून गेली की क्विरिको सोमवारी निघणार. देफेन्देन्ते, तुला विचारते, एखाद्याच्या जाण्याने चुलीची ऊब कमी होते का रे? लाकडं तेवढीच घालतेय मी.

१० जानेवारी

कालचं आज लिहितेय. हात अजून धड चालत नाही.

काल सकाळी नऊला क्विरिको पाठीवर बोचकं घेऊन दारात. आगगाडीने गेला असता तर पाव तासात पलीकडे पोचला असता. म्हणाला, "बावीस वर्षं ज्या रस्त्यावरून गेलो त्याच्या पोटाखालून उंदरासारखा जाऊ? नाही जमणार. चालत जातो. वर फेलीचेकडे मुक्काम, उद्या पलीकडे उतरेन."

मी भाकरी आणि चीज बांधून दिलं. कॉफी हवी होती द्यायला, पण फळीवरच्या डब्याला हात कसा लावू? तोही डब्याकडे बघत होता.

"झाकण उघडलंही नाहीत," तो म्हणाला.

"मालक यायचाय."

"यायचाय," तो म्हणाला, आणि गेला. तिसऱ्या वळणापर्यंत दिसत होता. प्रत्येक खांबाला जाताजाता हात लावत होता.

अर्ध्या तासात धुकं उतरलं. उतरलं कसलं, वरून टाकलं कोणीतरी, त्यात भुरभुर बर्फ. मी धावत घंटेपाशी गेले आणि ओढायला लागले. नियमाप्रमाणे, पाठीशी आवाज. ओढतेय आणि मनात म्हणतेय, सरळ जा, सरळ जा. दोर गोठला होता. तळवा फाटला, दोर लाल झाला. मग मी आत गेले आणि फळीवरचे हातमोजे घेतले. माणूस वाटेत असताना हात थांबून चालत नाहीत, त्याला कोणी चोरी म्हणणार नाही. घातले. बोटांना बरोबर बसले. अंगठ्यालाही बसले. माझा उजवा अंगठा लहानपणी दारात चेंगरून आखूड झालाय, आणि उजव्या मोज्याचा अंगठा आखूड शिवलेला होता.

मी तो अंगठा बघत उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. मग परत ओढायला लागले.

मग वरची घंटा आली. फेलीचेची, बारीक, चिरकी. क्विरिको निम्म्यावर पोचला असणार. आता मी थांबायचं. सोळा वर्षं या क्षणी मी दोर सोडत आलेय, डोळे मिटून सोडते.

नाही सोडला.

का, ते मला लिहिता येत नाही. मी मोठ्याने म्हणत होते, "ओर्सोला, सोड, माणूस मरेल," आणि हात ओढतच होते. दोन्ही घंटा वाजत होत्या. चीजवाल्याची गोष्ट मला तोंडपाठ आहे. तरी वाजवत होते. रडत होते आणि वाजवत होते. मागे फीर, एवढंच त्या ओढण्यात होतं. मी तोंडाने म्हणाले नाही. एकतीस तारखेला त्याने विचारलं होतं ना, काही सांगायचंय का.

मग वरची थांबली. एकदम. याचा अर्थ एकच होतो, माणूस वर पोचला. वाचला. देवाचे आभार मानले. त्या पायरीवरच बसले. गेला तर गेला, वाचला ना. पण हात सुटेनात. बसल्या बसल्या ओढत राहिले. आता ती घंटा कोणासाठी होती, मला विचारू नये.

आणि मग वरच्या वळणावरून आलं, पोंऽ. पोंऽ. पोंऽ. शिंग नव्हतं. हाताचे पंजे तोंडाला लावून माणूस ओरडत होता, तेही बेसूर.

तो आला तेव्हा कमरेपर्यंत पांढरा होता. मी आधी त्याच्या छातीवर दोन गुद्दे मारले.

"अक्कल आहे का? वरची वाजली की वरच्या घंटेकडे जायचं असतं!"

"दोन वाजत होत्या."

"म्हणून वरचीकडे! नियम आहे!"

"ओर्सोला," तो म्हणाला. बाई म्हणाला नाही. "नियमाने वाजवलेली तुझी घंटा सोळा वर्षं ऐकतोय मी. कान फुटलेले नाहीत माझे. आज ती नियमाने वाजत नव्हती."

मी त्याच्या कोटावरचा बर्फ झटकायला लागले.

"आणि एक लिहून ठेव तुझ्या त्या वहीत. फेलीचेची बंद पडली, त्याच्या आधीच मी वळलो होतो."

लिहून ठेवलं.

मग त्याने माझे हात पाहिले. मोजे पाहिले. माझा आखूड अंगठा मोज्याबाहेरून दाबून बघितला, चपलेत पाय बसतो का बघावं तसा. "बसला बरोबर," म्हणाला. "चांभार म्हणाला होता, असा अंगठा असतो का कुणाचा? मी म्हटलं, असतो."

मी कॉफीचा डबा उघडला.

१२ जानेवारी

बर्फ फोडणाऱ्यांबरोबर फेलीचेची चिठ्ठी आली. म्हाताऱ्याचं अक्षर माशी शाईतून चालल्यासारखं आहे. "ओर्सोला, दोन घंटा वाजवणं हा गुन्हा आहे, तुला माहीत आहे. मी बराच वेळ ऐकलं, मग माझीच बंद केली. खाली कोणाची तरी जास्त गरज दिसली. पेद्रीनी साहेबांना मी काही कळवणार नाही, तूही कळवू नकोस. पोचला का तो गाढव?"

गाढव बाहेर दारापुढचा बर्फ काढतोय. राहायला तो खाली आञ्जेलिकाकडे गेलाय, रोज सकाळी चढून येतो. मार्चपर्यंत माझा वर्षाचा दुखवटा आहे आणि तो मी पाळणार. ईस्टरनंतरचं पाद्रीबाबांशी बोलून ठरवू. देवदाराचं कडं पाद्रीबाबांनी ठेवलं नव्हतं, हेही आता कळलं. मी विचारलं तर म्हणाला, "मित्र होता माझा. त्याला आधी विचारायला नको?" त्यावर मी खूप रडले. चांगलं रडले.

आञ्जेलिकाने फक्त एवढं कळवलंय, "भांडं दिसलं का?"

आज फळी आवरली. छत्री आणि डावा बूट तसेच ठेवले. बाकीच्या चिठ्ठ्या एकेक काढल्या आणि नोंदवहीत लिहिलं. कंगवा, मालकीण मिळाली. कॉफीचा डबा, मालकीण मिळाली, अर्धा संपला. अंगुस्तान, मालकीण मिळाली. हातमोजे, मिळाली. निळी शाल, मिळाली, अंगावर आहे.

मग खाली नवी नोंद केली, कारण नियम म्हणजे नियम. "पुरुष एक. वय पन्नास. मिशा. ९ जानेवारीला धुक्यात वरच्या वळणाजवळ सापडला. एक वर्ष आणि एक दिवस सांभाळायचा, मालक आला तर परत द्यायचा."

वाचून पाहिलं. शेवटचे पाच शब्द खोडले.